‘अजेसन्ट’ म्हणजे नेमके किती जवळ?

मागच्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना, माझी एक जुनी विद्यार्थिनी पंचायतीत द्यायचा अर्ज घेऊन घरी आली. शेजारच्या भाटातला, म्हणजे माडांच्या बागेतला, एक माड तिच्या स्वयंपाकघरावर कलला होता आणि तो पावसाआधी उतरवावा अशी तिची विनंती होती. अर्ज तिने स्वतः इंग्रजीत लिहिला होता, याचा मला आनंद झाला. पण तो एकदा परत आला होता. त्यातले मुख्य वाक्य असे: ‘देअर इज अ कोकोनट ट्री अजेसन्ट फ्रॉम माय हाऊस.’ कारकुनाने तिला विचारले होते, माड तुमच्या जागेत आहे की दुसऱ्याच्या? घरापासून किती लांब? ती म्हणाली, “टीचर, अजेसन्ट लिहिलंय की मी. मग आणखी काय सांगायचं?”

कारकुनाचे प्रश्न रास्त होते. ‘अजेसन्ट’ हा शब्द शेजार सांगतो. मालकी तो सांगत नाही, आणि अंतरही सांगत नाही. डिचोली तालुक्यात तीस वर्षे इंग्रजी शिकवताना या एका शब्दाभोवती मुलांचा जितका गोंधळ पाहिला, तितका क्वचितच दुसऱ्या शब्दाचा पाहिला. आपल्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी पुस्तके हातात येतात. शब्द पाठ होतो, अर्थ ‘जवळचा’ असा वहीत उतरतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. म्हणून हा शब्द एकदा मुळापासून, पायरी-पायरीने समजून घेऊ या.

पहिली पायरी: उच्चार आणि स्पेलिंग

हे चटकन उरकू. अक्षरे आहेत ए, डी, जे, ए, सी, ई, एन, टी. उच्चार ‘अ-जे-सन्ट’, जोर मधल्या ‘जे’वर. ‘डी’ वेगळा ऐकू येत नाही, म्हणून लिहिताना तो गळतो. तसेच ‘सी’च्या आधी उगाच ‘एस’ घुसडला जातो. ‘अ‍ॅडजसन्ट’ असा उच्चार आपल्याकडे सर्रास ऐकू येतो. समजणारा समजून घेतो, पण मुलाखतीला जाणाऱ्याने मधला ‘जे’ लांब म्हणण्याची सवय करावी.

शब्द लॅटिनमधून आला. ‘आद’ म्हणजे ‘कडे, पाशी’ आणि ‘याकेरे’ म्हणजे ‘पडून असणे’. ‘पाशी पडून असलेले’ हा मूळ अर्थ. तो लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. एखादी वस्तू दुसरीपाशी पडून आहे म्हटले की ती तिला टेकली आहे की नाही, हे त्यातून ठरत नाही.

दुसरी पायरी: इंग्रजी बाजूला ठेवा, आधी मराठी शब्द शोधा

माझा सगळा भर या पायरीवर आहे. जवळपणा सांगायला मराठीत शब्दांची मोठी रास आहे: जवळ, शेजारी, लगत, लागून, खेटून, चिकटून, बाजूला, समोर, आसपास, हाकेच्या अंतरावर. यांत आपण कधी चुकत नाही. ‘मंगेशीचे देऊळ म्हार्दोळच्या देवळाला लागून आहे’ असे कोणी म्हणणार नाही, कारण मध्ये किलोमीटरभर रस्ता आहे. ‘मंगेशीहून म्हार्दोळ जवळ आहे’ असेच आपण म्हणतो. हे भान आपल्याकडे आहेच. इंग्रजीत शिरताना मात्र हे सगळे शब्द आपण ‘नियर’च्या एका पोत्यात भरतो, आणि भाषा जरा भारदस्त हवी असली की त्याच पोत्यावर ‘अजेसन्ट’ अशी चिठ्ठी लावतो.

गोव्यातल्या मुलांची आणखी एक अडचण मला वर्गात दिसली. कोंकणीतले ‘लागीं’ म्हणजे नुसते ‘जवळ’. ‘घरा लागीं’ म्हटले की दुकान दहा पावलांवर असो वा दोनशे, चालते. मराठीतले ‘घराला लागून’ मात्र भिंतीला भिंत टेकल्याचे सांगते. दोन्हींत ‘लाग’ ऐकू येते, दोन्ही भाषा एकाच तोंडात असतात, आणि मग ‘लागीं’चे ‘लागून’ आणि ‘लागून’चे ‘अजेसन्ट’ होऊन बसते. यात मुलांचा काही दोष नाही. वर्गात हा फरक एकदा फळ्यावर मांडून दाखवला की तो कायमचा बसतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा वाक्य मनात आधी मराठीत म्हणा आणि कोणता शब्द आपोआप येतो ते पाहा. ‘शेजारचा’, ‘लगतचा’ आला तर ‘अजेसन्ट’ बहुधा बसेल. ‘लागून’, ‘चिकटून’ आला तर ‘अ‍ॅडजॉइनिंग’ अधिक नेमके. ‘जवळच’, ‘आसपास’ आला तर ‘निअरबाय’. ‘समोर’ आला तर ‘ऑपोझिट’, तिथे इतर कशाचाही मोह नको.

तिसरी पायरी: दोन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: या दोघांच्या मध्ये त्याच जातीचे तिसरे काही आहे का? दुसरा: दोघे एकमेकांना टेकलेले आहेत का?

‘अजेसन्ट’ला फक्त पहिल्या प्रश्नाशी देणेघेणे आहे. मध्ये त्याच प्रकारचे दुसरे काही नसले की ते दोघे अजेसन्ट. टेकलेले असोत वा नसोत. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ लागते.

जुन्या गोव्यात हे उभ्याने शिकवता येते, आणि मी मुलांना सहलीला नेले की शिकवायचे. से कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च एकाच आवारात आहेत, मध्ये तिसरे चर्च नाही. ती दोन्ही अजेसन्ट. सेंट फ्रान्सिसच्या चर्चला जोडूनच जुना मठ आहे, त्यात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. तो मठ चर्चला अ‍ॅडजॉइनिंग. आणि बॉम जेझस बॅसिलिका? ती रस्त्याच्या पलीकडे, समोर. मध्ये तिसरे चर्च नसले तरी तिथे ‘अक्रॉस द रोड’ किंवा ‘ऑपोझिट’च म्हणायचे. पर्यटकाला ‘बॅसिलिका इज अजेसन्ट टू द कॅथेड्रल’ सांगितले तर तो रस्ता न ओलांडता आवारातच शोधत राहील.

दुसरे उदाहरण पणजीचे. मांडवीवर आधी दोन पूल शेजारी-शेजारी होते, ते एकमेकांना अजेसन्ट होते. २०१९च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला, तो त्या दोघांच्या मधून, वरच्या उंचीवर जातो. आता जुना प्रत्येक पूल अटल सेतूला अजेसन्ट आहे, पण ते दोन जुने पूल एकमेकांना अजेसन्ट राहिलेले नाहीत. दोघांतले एकही जागचे हलले नाही, त्यांच्यातले अंतर इंचभरही वाढले नाही, तरी नाते बदलले. हा शब्द अंतर मोजत नाही, क्रम पाहतो, हे यापेक्षा सोपे करून मला कधी सांगता आले नाही.

यातूनच आणखी एक नियम निघतो. ‘व्हेरी अजेसन्ट’ किंवा ‘मोअर अजेसन्ट’ लिहू नये. शेजारी कमी-जास्त नसतो, असतो किंवा नसतो. जोर द्यायचाच असेल तर ‘इमिजिएटली अजेसन्ट’ किंवा ‘डायरेक्टली अजेसन्ट’ म्हणतात, म्हणजे ‘अगदी लगतचा’.

चौथी पायरी: पाठचा छोटा शब्द

चुका सर्वांत जास्त इथे होतात. मराठीत आपण म्हणतो ‘माझ्या घरापासून जवळ’. ‘पासून’ला आपण ‘फ्रॉम’ शिकलेलो असतो, म्हणून ‘नियर फ्रॉम माय हाऊस’, ‘क्लोज फ्रॉम द स्कूल’, ‘अजेसन्ट फ्रॉम’ अशी वाक्ये येतात. कधी ‘घराच्या जवळ’मधला ‘च्या’ डोके वर काढतो आणि ‘नियर ऑफ’ तयार होते. इंग्रजीत हे चालत नाही.

‘अजेसन्ट’ला ‘टू’ लागतो: ‘द कॅन्टीन इज अजेसन्ट टू द लायब्ररी.’ लक्षात ठेवायला मराठीच मदत करते. ‘घराला लागून’ मधला ‘ला’ आठवा. ‘ला’ तिथे ‘टू’. ‘क्लोज’लाही ‘टू’च: ‘अवर हाऊस इज क्लोज टू द रिव्हर.’ पण ‘नियर’ला काहीच नको: ‘नियर द रिव्हर.’ ‘अ‍ॅडजॉइनिंग’लाही काही नको, कारण जोडण्याचे काम त्याच्या पोटातच आहे: ‘द रूम अ‍ॅडजॉइनिंग द किचन.’ तिथे ‘टू’ घातला की वाक्य अडखळते.

नामाच्या आधी आला तर ‘अजेसन्ट’ एकटा उभा राहतो: ‘द अजेसन्ट रूम’, ‘अजेसन्ट प्लॉट्स’. नामाच्या मागून आला तर ‘टू’सकट: ‘द प्लॉट अजेसन्ट टू द टेंपल टँक’, म्हणजे देवळाच्या तळीलगतची जागा. कशाच्या लगत ते आधीच्या वाक्यात आलेले असेल तर ‘टू’शिवायही भागते.

‘नियर’, ‘निअरबाय’ आणि ‘क्लोज’ यांविषयी थोडक्यात. ‘जवळचा बाजार’ म्हणजे ‘अ निअरबाय मार्केट’. ‘अ नियर मार्केट’ म्हणत नाहीत, पण ‘द निअरेस्ट मार्केट’ म्हणतात. ‘निअरबाय टू माय हाऊस’ टाळा. ‘निअरबाय’ वाक्याच्या शेवटी सुटा येतो: ‘शी लिव्ह्ज निअरबाय.’ ‘क्लोज’ हा शब्द विशेषण असताना त्याचा उच्चार ‘क्लोस’, शेवटी ‘स’. दार बंद करताना ‘क्लोज’, शेवटी ‘झ’सारखा. वर मी लिहायला सोपे म्हणून ‘क्लोज’च लिहिले आहे, बोलताना मात्र फरक करा. नात्यातली, मैत्रीतली जवळीक सांगायला ‘क्लोस’च चालतो. ‘माय अजेसन्ट फ्रेंड’ म्हणजे बाकावर शेजारी बसलेला मित्र होईल, जिवाभावाचा नव्हे.

हॉटेलात नोकरी करणाऱ्यांसाठी

गोव्यात हा भाग वेगळा सांगायलाच हवा. माझे कितीतरी विद्यार्थी कळंगुट-कांदोळीकडे, कोलव्याला रिसेप्शनवर उभे असतात. तिथे हे शब्द रोज हाताळावे लागतात, आणि अर्थ चुकला तर रात्री अकरा वाजता पाहुणा सामान घेऊन समोर उभा राहतो.

‘कनेक्टिंग रूम्स’ म्हणजे दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत आतून दार आहे. ‘अ‍ॅडजॉइनिंग रूम्स’ म्हणजे मधली भिंत सामाईक, पण आतून दार नाही. ‘अजेसन्ट रूम्स’ म्हणजे जवळजवळच्या, कदाचित बोळाच्या पलीकडे समोरासमोर असलेल्या. या धंद्यात ‘अजेसन्ट’चा अर्थ थोडा सैल आहे, हे ध्यानात ठेवा. लहान मुले घेऊन आलेल्या आईवडिलांनी फोनवर ‘अ‍ॅडजॉइनिंग’ मागितले तरी त्यांच्या मनात बहुतेक वेळा मधले दार असते. तेव्हा शब्दावर विसंबू नका, सरळ विचारा: ‘वुड यू लाइक अ डोअर बिट्वीन द टू रूम्स?’ आणि उत्तर बुकिंगमध्ये लिहून ठेवा.

समुद्राविषयीही तसेच. खोली आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता आणि चार शॅक असतील तर ‘अजेसन्ट टू द बीच’ लिहू नये. ‘फाइव्ह मिनिट्स वॉक फ्रॉम द बीच’ हे खरे असेल तर तेच लिहावे. इथे ‘फ्रॉम’ बरोबर आहे, कारण आता आपण अंतर सांगतो आहोत.

शाळेच्या पुस्तकात

भूमितीत दोन कोन अजेसन्ट केव्हा? शिरोबिंदू एक, एक भुजा सामाईक, आणि आतले भाग एकमेकांवर चढलेले नाहीत. मराठी पुस्तकात यांना संलग्न कोन म्हणतात. तिन्ही अटी लागतात. मोठ्या कोनाच्या पोटातला लहान कोन त्याला संलग्न नसतो, जरी शिरोबिंदू आणि एक भुजा दोन्ही सामाईक असली तरी. परीक्षेत नेमके हेच विचारतात.

काटकोन त्रिकोणात मात्र मुले अडतात. कोनाला दोन बाजू टेकतात, मग ‘अजेसन्ट साइड’ कोणती? दोघींतली एक कर्ण असते, तिला तिचे स्वतःचे नाव आहे. उरलेली ती अजेसन्ट, मराठीत लगतची बाजू. कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण. दुसरा कोन घेतला की लगतची बाजू बदलते, हेही बोट ठेवून दाखवावे लागते.

संगणकाच्या तक्त्यात ‘अजेसन्ट सेल्स’ म्हणजे सलग चौकटी: पहिल्या चौकटीवर क्लिक, मग शिफ्ट दाबून शेवटच्या चौकटीवर क्लिक. ‘नॉन-अजेसन्ट’ म्हणजे सुट्या-सुट्या: कंट्रोल दाबून एकेक. दोन्ही शब्द आणि दोन्ही कळा एकत्र शिकवा, अर्थ हाताला कळतो.

कायद्यात आणि जमिनीच्या कागदात

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२च्या समुद्रविषयक करारात अनन्य आर्थिक क्षेत्राचे वर्णन ‘बियाँड अँड अजेसन्ट टू द टेरिटोरियल सी’ असे आहे. प्रादेशिक समुद्र किनाऱ्याच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैलांपर्यंत, आणि त्याच्यापलीकडे त्याला भिडूनच हे क्षेत्र सुरू होते, ते आधाररेषेपासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत जाते. मध्ये फट नाही. अजेसन्ट गोष्टी टेकलेल्याही असू शकतात, आणि शेजारी कितीही मोठा असू शकतो, ही दोन्ही गोष्टींची उत्तम साक्ष. त्याच करारात ‘कन्टिग्युअस झोन’ही आहे, २४ सागरी मैलांपर्यंतचा. ‘कन्टिग्युअस’ म्हणजे सीमेला सीमा भिडलेले, सलग. आपला स्वतःचा इतिहास यासाठी हाताशी आहे: ३० मे १९८७ला गोवा राज्य झाले, तोवर गोवा, दमण आणि दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश होता. कारभार एक, पण भूभाग कन्टिग्युअस नव्हता.

जमिनीच्या व्यवहारात मी सर्वांना कळकळीने सांगते, चतुःसीमा लिहिताना ‘अजेसन्ट’वर भागवू नका. आपल्याकडे खाजनाचा (खाडीकाठच्या शेताचा) बांध, कुळागराची (माड-सुपारीच्या बागेची) मेर म्हणजे कड, पावसाळी ओहोळ आणि पायवाट हे सगळे दोन जागांच्या मध्ये येऊ शकते. ‘अजेसन्ट टू द प्रॉपर्टी ऑफ अमुक’ लिहिले तर ती पायवाट आत की बाहेर, हे उघडे राहते आणि पुढच्या पिढीच्या वाट्याला येते. त्याऐवजी ‘बाउंडेड ऑन द नॉर्थ बाय’ म्हणून काय आहे ते लिहितात: ओहोळ तर ओहोळ, वाट तर वाट, शेजाऱ्याची जागा तर तिचा सर्व्हे नंबर आणि पोटविभाग. हे करताना एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद, पुरत नाही, त्यात कब्जेदाराची नावे मिळतात. शेजारी कोण ते सर्व्हेच्या नकाशावर दिसते. नकाशा समोर ठेवूनच वाक्य लिहा, आणि सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

नवा वापर

हल्लीच्या इंग्रजीत नामाला संयोगचिन्हाने ‘अजेसन्ट’ जोडण्याची पद्धत आली आहे. ‘टुरिझम-अजेसन्ट जॉब’ म्हणजे थेट पर्यटनातली नव्हे, पण त्याच्या आसऱ्याने चालणारी नोकरी. मुलांच्या वाचनात हे येते, तेव्हा त्यांना सांगून ठेवावे. अर्जात किंवा परीक्षेत वापरू नये. घरगुती बोलण्यात तर मूळ ‘अजेसन्ट’ही जड वाटतो, तिथे ‘नेक्स्ट टू’ आणि ‘नेक्स्ट डोअर’ पुरेत.

त्या माडाचा अर्ज

आम्ही दोघी ओसरीवर बसलो. मी तिला आधी मराठीत सांगायला लावले. ती म्हणाली, “माड शेजाऱ्यांच्या भाटात आहे, भाट आमच्या परसाला लागून. माडाचा बुंधा स्वयंपाकघराच्या भिंतीपासून दोन मीटरवर, शेंडा आमच्या कौलांवर.” सगळे तिच्याच बोलण्यात होते: मालकी, सीमा, अंतर, धोका. ‘लागून’ म्हणून ‘अ‍ॅडजॉइनिंग’. अंतरासाठी आकडा, आणि आकड्याबरोबर ‘फ्रॉम’. तिने तिथेच पेन काढले आणि लिहिले: ‘द कोकोनट ट्री स्टँड्स इन द प्रॉपर्टी अ‍ॅडजॉइनिंग माय बॅकयार्ड, अबाउट टू मीटर्स फ्रॉम माय किचन वॉल, अँड इट लीन्स ओव्हर माय रूफ.’ खाली दोन्ही जागांचे सर्व्हे नंबर घातले. ‘अजेसन्ट’ शब्द त्यात कुठेच उरला नव्हता. तिने मला विचारले, “चालेल ना, टीचर?” मी म्हटले, “दे नेऊन, उद्या सकाळीच.”